तालमीबाहेरची खुर्ची

पुढच्या वीस वर्षांत कोल्हापूर कसं असावं हे ठरवणाऱ्या माणसांत मीही होतो, असं कुणाला सांगितलं की माझी बायको तोंड फिरवून हसते. घरातला गॅस कधी संपणार याचा ज्याला आदल्या दिवशी पत्ता नसतो, त्याच्याकडे म्हणे शहराची वीस वर्षं सोपवली होती. पूर्वी मीही तिच्याबरोबर हसायचो.

मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो. निवृत्त झालो आणि वर्षभरात घरात नकोसा झालो. त्याच सुमारास शहराचा नवा आराखडा करायचं काम सुरू झालं. रस्ते, गटारं, इमारती बघणारी माणसं वेगळी होती. लोकांच्या सामाजिक गरजा गोळा करायचं काम बाहेरगावच्या एका संस्थेला मिळालं होतं. म्हातारी माणसं दिवसभर कुठे बसतात, कामाला जाणाऱ्या बायका पोरं कुणाकडे ठेवतात, दारू सोडलेल्या माणसाला संध्याकाळी जायला जागा आहे का, असले प्रश्न. त्या संस्थेची तरुण पोरं-पोरी लॅपटॉप घेऊन आमच्या पेठेत आली, एका गल्लीत शिरली आणि "तुमच्या समस्या काय?" म्हणून विचारू लागली. लोकांनी उलट त्यांनाच विचारलं, "पावणं, तुम्ही कुठलं?" दोन तास त्यांची चौकशी झाली, चहा झाला, आणि कागद कोराच राहिला. मग त्यांच्या साहेबांनी कुणातरी जाणत्या माणसाचा शोध घेतला आणि मी सापडलो.

साहेब माणूस चांगला होता. तो म्हणायचा, "नकाशावर एखाद्या कामासाठी जागा राखून ठेवली की आज ना उद्या ते काम उभं राहतं. जागाच नसली तर कितीही चांगली माणसं असू देत, ती नुसती हळहळत बसतात." मला हे फार पटलं. तीस वर्षं मी नकाशे नुसते पाठ करून घेतले होते. आता नकाशा बदलायला मिळणार होता. मी नवी चप्पल घेतली आणि गळ्यात ओळखपत्र घालून पेठेत हिंडू लागलो.

आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. तिचे यजमान उचगावच्या बाजूला एका कारखान्यात फिटर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ती आणि तिची मुलगी. माझी भाची तेव्हा चौतिशीची होती, पण समज पाच-सहा वर्षांच्या पोरीची. अठरा वर्षांची होईपर्यंत ती विशेष मुलांच्या शाळेत जायची. अठरा पूर्ण झाली, शाळेने हार घालून, पेढा देऊन निरोप दिला, आणि त्यानंतर ती घरीच होती. अठरा वर्षांनंतर अशा पोरांनी कुठे जायचं हे कुणी ठरवलेलंच नाही. आक्का साड्यांना फॉल लावायची, पिको करायची, कारण ते काम पोरीला नजरेसमोर ठेवून करता येतं. मंडईला जाताना तिचा हात धरून जायची. स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन तिनं तीन वर्षं पुढे ढकललं, कारण त्या दोन दिवसांत पोरीला कुठे ठेवायचं हे ठरत नव्हतं. शेवटी माझ्या बायकोनं पोरीला आमच्याकडे आणलं.

माझ्या कामाची बातमी आक्काला लागली तसं तिनं मला सकाळी चहाला बोलावलं. समोर पोह्यांची बशी ठेवली आणि फॉलचा दोरा दातानं तोडत म्हणाली, "आरं, तुझ्या त्या नकाशात हिला कुठं बसवलायस?"

मी हसलो. तिला मात्र हसू आलं नव्हतं. गल्लीच्या मागे सरकारी मराठी शाळा होती, मुलं मिळेनात म्हणून बंद पडलेली. तिच्या दोन खोल्या मिळाव्यात, असं तिनं मनाशी धरलं होतं. सकाळी दहा ते पाच अशी पोरं तिथे बसतील, हाताला काहीतरी काम असेल, लक्ष ठेवायला एक बाई असेल. आमच्या एका पेठेत अशी सात घरं तिला माहीत होती. मला एकही माहीत नव्हतं, आणि मी तिथेच जन्मलो आणि वाढलो होतो. त्या सात आया एकमेकींना ओळखून होत्या, दवाखान्याच्या बाकावर भेटून भेटून.

"दहा ते पाच मला सवड मिळंल म्हणून मी बोलत न्हाय," ती म्हणाली. "मी गेल्यावर हिला चार माणसांनी वळखाय पायजे. हितंच, ह्याच गल्लीत. हिला दुसरीकडचं काय समजत न्हाय."

मी म्हणालो, "आक्का, तू बैठकीला ये आणि हेच बोल. शनिवारी चार वाजता तालमीत आहे."

"तालमीत? मी कशी येऊ तालमीत?"

"आता तसलं काही राहिलं नाही. आता पोरी कुस्ती खेळतात."

पोरी कुस्ती खेळतात हे खरं होतं. पण आमच्या पेठेच्या तालमीत तोवर एकही बाई उंबरा ओलांडून आत गेली नव्हती, हेही खरं होतं आणि ते मला पक्कं माहीत होतं.

बैठका तालमीत घ्यायच्या ही कल्पना माझीच. साहेबांना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की कोल्हापुरात पेठ म्हणजे तालीम. तालीम बोलली की पेठ बोलली. गणपती असो, फुटबॉल असो, कुणाचं भांडण असो, नाहीतर मयत असो, माणसं तिथेच जमतात. घरोघर हिंडून जे वर्षात मिळणार नाही ते तालमीत एका दुपारी मिळेल. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. आपल्या गावच्या पद्धतीची बाहेरच्या माणसानं अशी कदर केली याचा मला केवढा अभिमान वाटला होता. आज तो आठवला की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

शनिवारी चाळीस-पन्नास माणसं जमली. आमचे वस्ताद सत्तरी ओलांडलेले, कान मोडलेले, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जावा. मनानं मात्र लोण्यासारखे. मी कागद मांडत होतो तेवढ्यात आक्का पोरीचा हात धरून दारात आली. इरकली साडी नेसली होती, डोक्यावर पदर. तिला बघताच वस्ताद स्वतः उठले, हात जोडले आणि आतली एक चांगली खुर्ची उचलून बाहेर ओट्यावर ठेवायला लावली.

"आक्का, बसा हितं वाऱ्याला," ते म्हणाले. "आत तेलाचा न् मातीचा वास हाय. तुम्हास्नी सोसायचा न्हाय."

पहिला चहाचा कप तिला बाहेर नेऊन दिला गेला, पोरीला बिस्किटं दिली गेली. मी आतून हे पाहत होतो आणि मला बरं वाटत होतं. बघा, आमच्या पेठेत बाईमाणसाचा केवढा मान, असं मी शेजारी बसलेल्या संस्थेच्या मुलीच्या कानात सांगितलंसुद्धा. ती मुलगी बाहेरगावची, पँट-शर्टातली, म्हणून तिला कुणी अडवलं नव्हतं. ती एकदा दाराकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारणार होती बहुतेक. पण मी तिचा वरिष्ठ होतो.

बैठक रंगली. पहिला तास फुटबॉलच्या मैदानात गेला. शेजारच्या पेठेला सरावाला जागा आहे आणि आम्ही काय रस्त्यावर खेळायचं का, यावर सगळे तावातावाने बोलले. मग व्यायामाची मशीनं, मग लग्नाचा हॉल, मग गाड्या लावायला जागा. एका आजोबांनी पेपर वाचायला खोली मागितली, त्यांच्यासाठीही लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळं लिहून घेत होतो. कागदावर शेवटी एक ओळ होती: दिव्यांग व्यक्तींसाठी सुविधा. मी ती मोठ्यांदा वाचली.

"आपल्यात तसं कोण हाय?" वस्तादांनी सगळ्यांकडं बघत विचारलं. "त्यो सायकलवाला एका पायाचा. त्येला तर तीन चाकी गाडी मिळाली की."

कुणीतरी आणखी एका पोलिओ झालेल्या माणसाचं नाव घेतलं, तो गाव सोडून गेल्याचं दुसऱ्यानं सांगितलं. विषय संपत आला. मी दाराकडे बघितलं. दारातून आक्काच्या खुर्चीचा एक पाय आणि साडीचा काठ दिसत होता. तिला आतलं सगळं ऐकू येत होतं. तिनं तिथून हाक मारली असती तर पन्नास माणसांनी माना वळवल्या असत्या, आणि ज्या आक्कानं उभ्या आयुष्यात चारचौघांत आवाज चढवला नाही ती हाक मारणार नव्हती. "आक्का बाहेर बसली आहे, तिला विचारू," एवढं वाक्य मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. कामाच्या पहिल्याच दिवशी मी त्या पोरांना बजावलं होतं की घरचं घोडं पुढं दामटायचं नाही. लोक बोलतील तेवढंच लिहायचं. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माणसाला आपणच घातलेला नियम मोडणं फार जड जातं. मी पुढची ओळ वाचली.

बैठक संपून माणसं बाहेर आली आणि दारातच थबकली. आत येताना सगळ्यांनी चपला वेड्यावाकड्या काढून ठेवल्या होत्या. माझ्या भाचीनं त्या दोन तासांत त्यांतल्या प्रत्येकीची जोडी लावून ओट्याच्या कडेनं सरळ रांगा केल्या होत्या. एकही जोड चुकला नव्हता. आपली चप्पल शोधायच्या आधीच ज्याला त्याला ती दिसत होती. माणसं खूश झाली. "लई गुणाची पोरगी हाय की," वस्ताद म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती सगळ्यांच्या पायांकडे बघून हसत होती.

घरी जाताना आक्कानं विचारलं, "झालं का माझं?"

"बघतो," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी कागद पक्के केले. बायको समोर मटार सोलत होती. त्या शेवटच्या ओळीपुढे मी माझ्या नीट, वळणदार अक्षरात लिहिलं: मागणी नाही.

"आक्कांचं लिहिलंत का?" बायकोनं विचारलं. मी तिला निष्पक्षपणा म्हणजे काय ते दहा मिनिटं समजावून सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि सालं उचलून आत गेली.

आराखड्याचा मसुदा जाहीर व्हायला पुढे बराच काळ गेला. माझं काम तोवर संपलं होतं. नकाशे एका सभागृहात भिंतीवर लावले होते आणि लोकांनी हरकती, सूचना द्यायच्या होत्या. आक्का पोरीला घेऊन बघायला गेली. तिनं तिथल्या माणसाला आपली गल्ली दाखवायला लावली, मग शाळा. शाळेच्या चौकोनावर लिहिलं होतं, बहुउद्देशीय सभागृह व वाहनतळ. तिथून ती थेट माझ्याकडे आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "ऱ्हायलं जनू. आता सूचना का काय ती देतो मी."

मी म्हणालो, अर्ज मी लिहून देतो. त्यावर ती म्हणाली, "नगं. तू त्यातला माणूस. तुझ्या हातचं नगं, उद्या तुलाच बोलतील." शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून तिनं अर्ज लिहून घेतला. सात घरच्या आयांपैकी पाच जणींनी सही केली, दोघींनी अंगठा उठवला.

सुनावणीच्या दिवशी मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. पुढे टेबलामागे तिघे जण. अर्ज वाचणारे गृहस्थ अतिशय सभ्य. त्यांनी आक्काला बसायला सांगितलं, पोरीला लिमलेटची गोळी दिली. मग जाडजूड अहवालाची पानं उलटत एका पानावर थांबले.

"बाई, तुमची मागणी रास्त आहे," ते म्हणाले. "पण पेठेच्या बैठकीत ती आलेली नाही. इथे तशी स्पष्ट नोंद आहे. जागेची मागणी कुणी केलेलीच नसेल तर आम्ही ठरलेलं आरक्षण कसं बदलणार?" आणि त्यांनी अहवाल फिरवून तिच्यापुढे धरला.

मूळ कागदाची छायाप्रत होती ती. आक्कानं चष्मा लावला. तिचे पेन्शनचे, रेशनचे, पोरीच्या दाखल्याचे सगळे अर्ज वर्षानुवर्षं मीच भरत आलो होतो. माझं अक्षर तिला अंधारातसुद्धा ओळखता आलं असतं. ती त्या दोन शब्दांकडे बराच वेळ बघत राहिली. मागे वळून माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "हाय खरं."

"पुढच्या वेळी आराखडा नव्यानं होईल तेव्हा याचा नक्की विचार होईल."

"ती कवा?"

"साधारण वीस वर्षांनी."

 आक्कानं पोरीच्या हातातला गोळीचा कागद काढून घेतला आणि घडी करून स्वतःच्या पिशवीत ठेवला. "तवर हिला कुठं ठिवू सायेब?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. गृहस्थांनी मान खाली घातली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी तिथे उभा राहून सांगायला हवं होतं की ती नोंद माझी आहे आणि ती खोटी आहे. मी खुर्चीतून उठलो नाही. पुढच्या आठवड्यात मी तसं सगळं लिहून नेऊन दिलं. तोवर सुनावणी संपली होती. माझ्या कागदावर शिक्का बसला, एक प्रत मला मिळाली, आणि त्याचं पुढे काही झालं नाही. शूरपणा असा आठवड्यानं येऊन उपयोग नसतो.

रिक्षातून घरी येताना मी आक्काला म्हणालो, "माझं चुकलं." ती रस्त्याकडे बघत होती.

"तुझं कशाला? मी कुठं काय बोललो तवा?" ती म्हणाली. "बोललोच न्हाय तर तू काय लिवणार. तू खरं तेच लिवलंस."

तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी आज बरा असतो. तिनं मला माफसुद्धा केलं नाही, कारण माफ करण्यासारखं काही घडलंय असं ती मानायलाच तयार नव्हती.

वस्तादांच्या कानावर हे गेलं तसे ते माझ्या घरी आले. "मास्तर, आक्का नुसतं बोलल्या असत्या तर मी सवता उठून लिवून घेतलं असतं," ते म्हणाले. मी म्हणालो, आक्का बाहेर होती.  वस्तादांच्या मोडक्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "खुर्ची मीच दिली की," ते शेवटी म्हणाले, आणि एवढा दांडगा माणूस माझ्या सोफ्यावर लहान होऊन गेला. नंतर त्यांनी तालमीची पुढची खोली दुपारी या पोरांना उघडून दिली. बायकांना आत यायची मोकळीक त्या दिवसापासून झाली, एवढं मात्र खरं. दोन-तीन आठवडे पाच-सहा जणं आली. पण तिथे बायकांसाठी संडास नव्हता, लक्ष ठेवायला कायमची बाई मिळाली नाही, आणि एका पोराला फिट आली तेव्हा सगळेच घाबरले. मग एकेक आई यायची थांबली. चांगली माणसं होती, जागा नव्हती. साहेब म्हणायचा तसंच झालं.

आक्का त्यानंतर दीड वर्ष होती. एका सकाळी नळाला पाणी आलं आणि ती उठली नाही. पोरीला पाणी भरायला तिनं शिकवलं होतं. पोरीनं एकटीनं सगळी भांडी भरली, नळ बंद केला आणि आईच्या उशाशी येऊन बसली. दहाच्या सुमाराला फॉल लावायला दिलेली साडी न्यायला शेजारीण आली तेव्हा ती तशीच बसलेली होती. "आई निजलीया," तिनं हळूच सांगितलं, आईला जाग येऊ नये म्हणून.

पोरीला आम्ही घरी आणलं. ती कपडे बदलत असताना माझ्या बायकोला दिसलं की तिच्या ड्रेसच्या आतल्या बाजूला, मानेपाशी, कापडाची छोटी पट्टी शिवली आहे आणि तिच्यावर रंगीत दोऱ्यानं माझा फोन नंबर भरला आहे. मग आम्ही सगळे कपडे काढून बघितले. प्रत्येक ड्रेसला, गाऊनला, स्वेटरला ती पट्टी होती. सुनावणीनंतर कधीतरी आक्कानं ते काम पुरं केलं असणार. बारीक, एकसारखे टाके. पुढच्या वीस वर्षांची तिला करता आली ती तजवीज एवढीच. मी ते कपडे मांडीवर घेऊन मोठ्यानं रडलो आणि पोरगी माझे डोळे पुसत बसली.

सात-आठ महिने आम्ही निभावलं. खरं तर बायकोनं निभावलं, दोन्ही गुडघे गेलेले असताना. पोरगी रोज सकाळी उठून आपल्या घरी जायची, कुलूप बघून पायरीवर बसायची. गल्लीतलं कुणीतरी तिला हाताला धरून आमच्याकडे आणून सोडायचं. आक्का म्हणाली होती ना, चार माणसांनी ओळखायला पाहिजे. आमच्या गल्ल्यांत ती ओळख होती. मग एकदा ती त्या चार गल्ल्यांच्या बाहेर गेली. दिवसभर सापडली नाही. वस्तादांनी तालमीची सगळी पोरं गाड्यांवर पिटाळली. संध्याकाळी फोन आला. चालत चालत ती कळंब्याला, पार तलावापाशी पोहोचली होती. तिथल्या बांगड्यांचं दुकान असलेल्या एका मुसलमान बाईनं तिला आत बसवून खायला घातलं, मानेपाशी पट्टी दिसली म्हणून नंबर लावला. आम्ही गेलो तेव्हा पोरीच्या हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या. त्या बाईनं आमच्याकडून काही घेतलं नाही. "सांभाळा हिला, भाई. पाण्याच्या कडेला उभी व्हती," एवढंच ती म्हणाली. 

त्यानंतर आम्ही ठरवलं. आम्ही ठरवलं असं लिहितो आहे, पण मीच ठरवलं.  आजऱ्याच्याही पुढे, डोंगरात, अशा मोठ्या मुलामुलींना कायमचं ठेवून घेणारं एक ठिकाण आहे. स्वच्छ आहे, माणसं मायाळू आहेत, तक्रारीला जागा नाही. पण तिथे तिची गल्ली नाही, तिला ओळखणारं कुणी नाही. ज्या एका गोष्टीची आक्काला भीती होती ती मी माझ्या हातानं पूर्ण केली. पोरीला सोडून आम्ही निघालो तेव्हा ती हसत हात हलवत होती. तिला वाटलं होतं आम्ही काहीतरी आणायला चाललोय.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही एसटीनं जातो. पहिल्याच खेपेला बघितलं, ती दारातल्या बाकावर बसली होती आणि मांडीवर पिशवी होती. पिशवीत तिचे सगळे कपडे, कंगवा, टॉवेल, एक रिकामा डबा. आम्हाला बघताच ती उठली आणि फाटकाकडे चालू लागली. तिथल्या ताईंनी सांगितलं की पहाटेच उठून तिनं पिशवी भरली होती; रविवार तिला कसा कळला कोण जाणे. निघताना आम्ही तिची पिशवी परत खोलीत नेऊन ठेवली. ती रडली नाही. आम्ही चुकीच्या माणसाची पिशवी उचलली आहे, अशा नजरेनं ती बघत राहिली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही. बायको दर खेपेला म्हणायची, "आज घेऊन जाऊया," आणि मी दर खेपेला तिच्या गुडघ्यांकडे बोट दाखवायचो. एकदाही मी माझ्या गुडघ्यांचं नाव घेतलं नाही. ते धडधाकट आहेत.

जवळजवळ वर्षभर असं चाललं. गेल्या रविवारी गेलो तर बाकावर कुणी नव्हतं. पोरगी आत जेवणाच्या खोलीत इतरांबरोबर शेंगा निवडत बसली होती. आम्हाला बघून हसली, सरकून जागा दिली, माझ्या बायकोच्या हातात मूठभर शेंगा दिल्या. तासाभरानं आम्ही उठलो तेव्हा ती उठली नाही.

त्या ताई आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आल्या. फार आनंदात होत्या. "रुळली बघा आता तुमची पोरगी," त्या म्हणाल्या. "आता पिशवी भरत न्हाय."

"बरं झालं," मी म्हणालो.